लाल काड्यांच्या झुडपाची व्यवस्था

मी, विभावरी सूर्यकांत नाडगौडा, वय ७२, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार अबुधाबी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न चिरंजीव सुजीतने केला होता. तो फसला.

१. पुण्याची सदनिका सुजीतला. तो ती विकणार, हे मला ठाऊक आहे. निदान वर्षश्राद्ध होऊ द्यावं.

२. ठेवी व दागिने कन्या मुग्धाला. मोत्यांची कुडी सोडून. ती नणंद कावेरी एका लग्नापुरती घेऊन गेली, त्याला सत्तावीस वर्षं झाली. आता तिलाच असू दे. घालताना दरवेळी माझी आठवण यावी.

३. अंगणातल्या मोठ्या कुंडीतलं डॉगवुड. सुजीत म्हणतो, "मम्मी, इट्स जस्ट अ बुश." थंड देशातलं हे झुडूप माझे पती सूर्यकांत यांनी इथे जगवलं. उन्हाळाभर ते पाहुण्यांच्या खोलीत एसीत राहतं, हिवाळ्यात बाहेर. पानं गळली की काड्या लालभडक होतात.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सूर्यकांतने त्या सगळ्या काड्या वीतभर ठेवून छाटल्या. "विभा, जुनी काडी तपकिरी पडते. लाल रंग नवीनलाच येतो. महिनाभर थांब."

मी म्हणाले, "रिटायर झालास आणि खाटीक झालास."

नऊ दिवस मी बोलले नाही. नवव्या दुपारी तो खुर्चीतच गेला. तेराव्याला फुटवे आले.

त्यानंतर मी कात्री लागू दिली नाही. काड्या तपकिरी पडल्या आहेत. मी नन्सच्या हाताखाली शिकले, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी गेल्या दोन्ही फेब्रुवारीत, भर दुपारी, अंगणातून कात्रीचा आवाज आला. एकही काडी तुटलेली नव्हती. शेजारच्या मैमुनाबींनी भिंतीपलीकडून विचारलं, "विभाताई, माळी आलाय काय?" मी हो म्हणाले.

"झुडपास कोणीही कात्री लावू नये" हे कलम मी आज खोडलं आहे. झुडूप व छाटणीची कात्री सून शुभ्राला. या घरात विचारून हात लावणारी ती एकटी. तिने दर फेब्रुवारीत वीतभर ठेवून छाटावं. शेजारी दुसरी कात्री वाजली तर घाबरू नये, मध्ये बोलू नये.

फुटवे आले की मात्र अंगणात उभं राहून मोठ्याने सांगावं, "बाबा, फुटलं." मी प्रयत्न केला. माझ्याने होत नाही.

वरील मजकूर वाचून, खाडाखोडीसह मान्य करून सही केली.

विभावरी सू. नाडगौडा
अबुधाबी, १९ जानेवारी २०२६

आमच्यादेखत सही झाली:
१. मैमुनाबी तय्यब परकार
२. हम्माद तय्यब परकार