दगडावर कोणतं नाव घालू, आई?

प्रिय आई,

दगड कोरणाऱ्याचा सकाळी पुन्हा फोन आला. "ताई, नाव एकदा नक्की करा. दगड नुसताच पडून आहे." तू जाऊन वर्ष होत आलं, आता कबरीवर दगड बसवायचा. आणि मी, व्यासपीठावर तासभर न अडखळता बोलणारी बाई, त्याला एका शब्दाचं उत्तर देऊ शकले नाही. म्हणून तुलाच लिहिते आहे. घोळ तुझा आहे.

सॅमसनदादा म्हणतो, 'सारा' लिही. आम्हा भावंडांना तेच नाव माहीत. पण दवाखान्यात नर्स "साराआजी, साराआजी" करून थकली, तू डोळे उघडले नाहीस. मग अलिबागहून मावशी आली. तुझ्या कानाशी वाकून म्हणाली, "सगुणे, ऊठ गो."

आणि तू म्हणालीस, "उठते. उगाच बोंबलू नको."

कोण सगुणा? मावशीने दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून सांगितलं. आपल्या बेने इस्राएलांत पूर्वी मुलींना अशी नावं सर्रास ठेवत. तू लग्न होऊन नाशिकला आलीस, तेव्हा तुझ्या सासूला, आमच्या आजीला, ते नाव फारच हिंदू वाटलं. शेजारी सगळी भटजींची घरं, आपली मोजकी. सून निदान नावाने तरी यहुदी दिसावी, म्हणून सगुणाची सारा झाली. तुला कुणी विचारलंसुद्धा नाही.

हे तू मला कधी सांगणार होतीस?

माझ्या लग्नात, सासरच्या गावी देवळ्याला, ताटात तांदूळ पसरून अंगठीने 'अनघा' लिहिलं गेलं. सासूबाई म्हणाल्या, "हन्ना आमच्याकडे कुणाच्या तोंडी बसायचं नाही." तू मांडवातून उठून गेलीस. नंतर मला म्हणालीस, "तांदळात गेलं ना तुझं नाव? आता बस निवडत."

त्यानंतर तू मला हन्ना म्हटलं नाहीस. अनघा तर नाहीच. नुसतं 'अगं'. फोनवर अगं, सणाला अगं. मलिद्याचं ताट पुढे करतानाही, "अगं, घे."

मला वाटायचं, धर्माबाहेर लग्न केलं त्याचा हा राग. मी पुस्तकंच्या पुस्तकं वाचून तुझ्याशी भांडत राहिले. जोडीदार निवडायचा हक्क, बाईचं माणूसपण, सगळं ऐकवलं. तू भाजी चिरत ऐकायचीस आणि म्हणायचीस, "हक्क आहे गं. नाव कुठे ठेवलंस?" त्यापुढे आणखी एक वाक्य बोलली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं? आपण दोघी एकाच बाजूच्या होतो, आई. आणि मी आयुष्यभर तुझ्याविरुद्ध भाषणं करत बसले!

एकदा तू सभेला आलीस. विषय होता बाईचं स्वातंत्र्य. सूत्रसंचालक म्हणाला, "आता अनघाताईंना विनंती करतो," आणि तू चपला घालून चालू लागलीस. मी अजून बोलायला उभीही राहिले नव्हते.

काल दादाशी वाजलं. तो म्हणाला, "लोक विचारतील, ही सगुणा कोण?"

"सांग, आपली आई."

"पण पप्पांच्या कबरीशेजारी सगुणा?"

"त्यांचं लग्न तिच्याशीच ठरलं होतं ना?"

तो मग म्हणाला, "निदान 'ऊर्फ सारा' तरी टाक. तुला नाहीतरी कुणाचं ऐकायचं नसतं."

ऊर्फ नाही. दगडावर सगुणाच येईल, वर मराठीत, खाली हिब्रूत. हा माझा शब्द. आणि पुढच्या आठवड्यातल्या सभेच्या संयोजकांनाही मी माझं खरं नाव कळवलं आहे. ते बिचारे विचारत होते, "ताई, 'न'ला 'न' जोडायचा का?"

जोडायचा, म्हटलं. यापुढे प्रत्येक वेळी जोडायचा.

या वेळी उठून जाऊ नकोस.

तुझी,
हन्ना