टाकीची सावली आणि आत्याचा गुडघा

४ डिसेंबर

ती. आत्यास,
खारीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझं बोलणं संपत नाही आणि माझं सुरू होत नाही, म्हणून पत्र. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली का? दादाला विचारलं की तुझा तो लेक नुसतं हं हं करतो.

इथे आमच्या कार्यशाळेची पार शोभा झाली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही पोरंपोरी दर रविवारी मोठ्या माणसांना खोटी बातमी कशी ओळखायची ते शिकवतो, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या रविवारी सरावासाठी मीच एक रचली: पाण्याच्या जुन्या टाकीच्या सावलीत दुपारी बसलं की गुडघेदुखी पळते. शास्त्रज्ञही चकित, असं वर लिहिलं आणि फोटोवर लाल बाण काढला. सगळ्यांनी तिच्यातल्या लबाड्या शोधल्या, हसले, चहा प्यायले. त्यातल्याच एका काकांनी घरी जाऊन ती बातमी पुढे पाठवली! विचारलं तर म्हणाले, खोटी असली म्हणून काय झालं, कुणाला गुण आला तर बरंच की.

आता टाकीखाली सतरंज्या-खुर्च्या पडल्यात. सावली सरकते तशी सगळी मंडळी खुर्च्यांसकट सरकतात आणि पंपवाल्याचं फाटक अडवतात. तो मलाच शिव्या घालतो.

ओरडा कमी कर, माया आहे तेवढी राहू दे.
तुझी खार

९ डिसेंबर

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

तारीख ठरली होती. मी रद्द करवली. मास्तरणीने, म्हणजे तुमच्याच गावात राहणाऱ्या माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने कळवलं की ती रोज टाकीखाली बसते आणि आता जिना चढते. ती वर जाणार आणि मी काय खाली उभी राहून बघू?

तू म्हणतेस बातमी तू रचलीस. मग तुमच्या कार्यशाळेतलेच प्रश्न तुला विचारते. सांगणारा कोण? तू. शिकलीस छपाई, हाडांतलं तुला काय कळतं? पुरावा काय? रचताना तुला कुणी पाहिलं? फायदा कुणाचा? गर्दी हटली तर शिव्या तुझ्याच वाचणार. बघ, तिन्हींत नापास.

आणि खरं सांगू का पोरी, त्या ऑपरेशनच्या टेबलावर झोपायची मला भीती वाटते. भुलीतून जागी नाही झाले तर? सावलीत निदान जागी तरी असेन. शनिवारी येते. मास्तरणीकडेच उतरेन.

रागावू नकोस, जीव आहे तुझ्यावर.
आत्या

१४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी आई दवाखान्यात आहे, पण घाबरू नकोस, आधी सगळं वाच.

काल मी स्टुलावर चढून टाकीखालच्या मंडळींना ओरडून सांगितलं की ही बातमी माझीच थाप आहे. एकाने विचारलं, कुठल्या डॉक्टरने पाठवलं तुला? एका मावशींनी मला जवळ घेतलं, बिचारीवर वरून दबाव आलेला दिसतोय म्हणाल्या आणि बिस्किटं दिली.

तेवढ्यात मास्तरणीने जाहीर केलं की ती ठणठणीत बरी झालीय, आणि ते दाखवायला सगळ्यांसमोर जमिनीवर मांडी घातली. मग उठेचना! आधी हसत म्हणाली, इथेच छान वाटतंय. मग हसू ओसरलं. आत्याने तिला ओढायला हात दिला, तर आत्याचाच गुडघा दगा देऊन गेला. दोघी खाली. लोकांना वाटलं हाही उपचारच, त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिघे आणखी खाली बसले.

पंपवाल्याने दोघींना पाइप न्यायच्या हातगाडीवर घातलं. वाटेत मास्तरीण रडायला लागली. म्हणाली, जिना ती बसून, एकेक पायरी सरकत चढते. तिलाही ऑपरेशन सांगितलं होतं, तीही भुलीला भ्यायली होती. आत्याने तिचा हात धरला आणि विचारलं की शेजारशेजारच्या खाटा मिळतील का.

मिळाल्यात. तू लगेच निघ.
तुझी बहीण, खार

२ जानेवारी

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

दोघींची ऑपरेशनं इथे जिल्ह्याच्या दवाखान्यात झाली, दोघी जाग्या झालो. मास्तरीण आधी जागी झाली, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. काल खिडकीपर्यंत चालले. दुखतं गं, डोळ्यांत पाणी येतं, पण चालले.

नवी बातमी तुझ्यापर्यंत आली असेलच: टाकीखाली कोसळलेल्या दोन बायका आता चालू लागल्या! खाली आमचा हातगाडीवरचा फोटो. कापून घेतलं आम्ही आणि नाव टाकीचं! नर्सला मी बजावून सांगितलं की ती थाप आहे. तिने डोळा मारला आणि म्हणाली, गर्दी नको म्हणून लपवताय ना?

आज कुबड्या घेऊन एक गृहस्थ आमच्या खाटांना हात लावायला आले. मी त्यांना असं झापलंय! तासभर खपून पटवलं, तेव्हा कुठे ऑपरेशनला तयार झाले. फक्त म्हणाले, ते टाकीखाली करता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारा.

मी नाही विचारलं. मास्तरणीने विचारलं.

भेटायला ये, हात धरून चालवायला कुणीतरी हवं.
आत्या