बाबांची काळी

राई, ३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
रसिकाचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. आमच्या खुराड्यात अकराही तलंगा आहेत, कोंबडा एकही नाही, असं मी लिहिलं होतं. खात्रीच्या तलंगा दहाच आहेत. अकरावी, म्हणजे बाबांची काळी, तिच्याबद्दल मला आता काहीच सांगता येत नाही.

तू शिकवलंस तसंच मी आठव्या आठवड्यात सगळ्यांचे तुरे पाहिले. ज्यांचे लाल आणि जाड झाले होते ते पाच कोंबडे क्लाराबाईंना देऊन टाकले. पालीच्या क्लाराबाई आईच्या शेजारी मासळी विकायला बसतात, उबवायची अंडी त्यांचीच होती. काळीचा तुरा काळाच राहिला, म्हणून तिला मी तलंगांत धरलं. पण आता तिचे पाय इतरांपेक्षा जाड दिसतात. मान ताठ ठेवून चालते, दोघींचं भांडण लागलं की मध्ये जाऊन उभी राहते. आईला विचारलं तर म्हणाली, आवाजावरून आणि भांडणावरून ठरवायचं तर या घरातला कोंबडा मीच.

मला हसू आलं नाही. भिंतीपलीकडच्या सोसायटीला मी माझ्या सहीने लिहून दिलंय की आमच्याकडे एकही कोंबडा नाही. सेक्रेटरी ईश्वरभाईंनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली होती. हसून म्हणाले होते, "अच्छा है बेटा. फिर से मुर्गा बोला, तो मैं किसी को रोक नहीं पाऊँगा."

बाबांची जीभ पक्षाघातानंतर अजून वळत नाही. दिवसभर भिंतीलगत कोंबड्यांमध्ये बसून असतात. एकच शब्द स्पष्ट येतो, 'काळी'. हाक मारली की ती धावत येते आणि त्यांच्या आजारी हातावर चोच घासते. तो हात अलीकडे थोडा हलायला लागलाय.

ती अजून आरवलेली नाही. तुऱ्याशिवाय दुसरी खूण असली तर लगेच कळव. मी रोज पहाटे चारपासून कान लावून पडलेली असते.

माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी रसिका


पेण, ७ नोव्हेंबर २०२५

चि. रसिकास,
अनेक आशीर्वाद.

चूक तुझी नाही, माझी आहे. मी तुला आपल्या गावठी कोंबड्यांवर शिकवलं. त्या काळ्या जातीचा तुरा लाल होतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लहानपणी तू सारखी तापाने पडलेली असायचीस, म्हणून चौथीपर्यंत तुझी शाळा मीच घरात घेतली. त्या शाळेचं एक वाईट झालं, तू माझं सगळंच खरं मानायला शिकलीस.

आता नीट वाच. शेपटीच्या बुडाशी, पाठीवरून दोन्ही बाजूंना उतरणारी पिसं उन्हात धरून बघ. टोकं गोल असली तर तलंग. लांब, अरुंद, टोकदार असली आणि तेलाचं बोट फिरवल्यासारखी चमकत असली तर कोंबडा. तसं दिसलं तर आरवायच्या आत काप, किंवा माझ्याकडे आणून सोड. इथे त्याने दिवसभर ओरडावं, मला काय ऐकू येतंय?

दुसरं. मे महिन्यात तुमच्या नऊ कोंबड्या आणि जुना कोंबडा मानमोडीने गेले, असं लिहिलं होतंस. मी चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्यात. मानमोडीत त्या माना वाकड्या होऊन आज एक, उद्या दोन अशा जातात. सगळ्या एकाच सकाळी, एकाच भिंतीपाशी जात नाहीत. कान गेले म्हणून फोनवर मला फसवता येतं, कागदावर नाही. खरं काय ते लिही.

तुझ्या आईसाठी वाल काढून ठेवलेत. दशरथला सांग, बहीण रोज आठवण काढते.
तुझी आत्या, शुभदा


राई, १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

ती. आत्यास,
रसिकाचा सा. न. वि. वि.

पिसं टोकदार आहेत. एक सोबत पाठवते, तूही बघ.

मेमधलं खरं लिहिते. जुना कोंबडा पहाटे आरवतो म्हणून सोसायटीकडून तीन चिठ्ठ्या आल्या होत्या. चौथी आली नाही. त्या सकाळी सगळी पाखरं भिंतीलगत पडलेली होती आणि मध्ये शिजवलेला भात विखुरलेला होता, निळसर. कोणी टाकला ते मी पाहिलं नाही, म्हणून नाव घेणार नाही. तुला घोर नको म्हणून आईने मानमोडी लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं. याची मला लाज वाटते.

काल पहाटे काळी आरवली. पुरतं नाही, गंजलेलं बिजागर कुरकुरावं तसं. बाबा जागे होते. ते हसले, आत्या. आजारी हात उचलून त्यांनी दुसऱ्या हातावर आपटला. त्याच वेळी समोर चौथ्या मजल्यावर एक खिडकी उघडली. कोणी ओरडलं नाही. थोड्या वेळाने ती हळूच बंद झाली.

आज सकाळी भिंतीलगत भात पडलेला होता. पांढरा. कोणी चिमण्यांना टाकला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. खुराडं अजून बंदच होतं, त्यामुळे कोंबड्या तिथे नव्हत्या. बाबा होते. पडलेलं शीत उचलून तोंडात टाकायचं, ही आजोबांनी तुम्हा दोघांना लावलेली सवय. जीभ गेली तरी सवय गेली नाही. ते एकेक शीत वेचत होते. त्यांची मूठ उघडायला मला फार जोर लावावा लागला. ओठाला एक शीत चिकटलं होतं. मी दिवसभर त्यांच्याजवळून हलले नाही. काही झालं नाही. आजचा भात पांढरा होता.

कोंबडा आता न्हाणीघरात टोपलीखाली आहे, वर गोणपाट टाकलंय. बाबांना मी घराबाहेर सोडत नाही. ते दारावर हात मारून काळीला हाका मारतात आणि ती आतून उत्तर देते.

आई म्हणते, गुपचूप पेणला नेऊन सोड, लिहून दिलंस तर तोच कागद उद्या आपल्यावर उलटेल. तिचं चुकीचं नाही. पण गुपचूप नेलं तर भिंतीपलीकडे कोणाला कळेल, की इथला भात कोण वेचतं? म्हणून मी माझा जुना कागद परत मागणार आहे. त्याच्याखाली लिहीन की तलंगा दहा होत्या, कोंबडा एक होता, ओळखण्यात चूक माझी, आणि तो आज पेणला जातोय. मग हेही लिहीन की या भिंतीलगत माझे वडील बसतात आणि जमिनीवर पडलेलं अन्न उचलून खातात. वाचल्याची सही घेतल्याशिवाय उठणार नाही.

ईश्वरभाई उद्या रात्री गावाहून परततात. शनिवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा बाबांजवळ आई असेल. उद्याचा एक दिवस आणि दोन पहाटा काढायच्या आहेत.

पत्र आजच टाकते, तरी त्याच्याआधी बहुतेक मीच पोचेन. अंगणात एक टोपली उपडी घालून ठेव. आणि बाबांना काळी कुठे गेली हे कसं सांगायचं, ते तू ठरवून ठेव, मला सुचत नाही.

आजवर सांभाळलंस तशी सांभाळ. शनिवारी, पंधरा नोव्हेंबरला, सकाळी दहा वाजता सोसायटीचं ऑफिस उघडेल तेव्हा मी दारात उभी असेन.
तुझी रसिका