कोर्टात न नेता येणारे कलम

मी, शकुन केशवराव गावंडे, वय सेहेचाळीस, अविवाहित, धंदा शिक्षकी, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पोटातले दुखणे बरे होणारे नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. डोके शाबूत असल्याचा दाखलाही त्यांनीच दिला. मला तो स्वतःला देता आला नसता. वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्याचा भरवसा कमीच असतो.

१. आमच्या घराचा मागचा भाग, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व विहिरीवरील हक्क, वडिलांच्या मृत्युपत्राने माझ्याकडे आला. पुढचा भाग व अंगणातली खोली माझे थोरले बंधू पंजाबराव यांच्याकडे गेली. त्या अंगणातल्या खोलीविषयी लिहिणे भाग आहे, नाहीतर माझी पुढची कलमे इतकी कडक का, हे कळणार नाही.

तिथे सुंदराबाई पुंजाजी राऊत राहत असे. कापसाच्या जिनात सरकी काढणाऱ्या रेच्यात तिचा उजवा हात गेला. मालकाने तिला घरी पाठवले. घर तिला नव्हते. वडिलांनी तिला आमच्याकडे आणले. आई गेल्यावर तिने मला डाव्या हाताने भरवले. एका हाताने वेणी घालता येईना, म्हणून रोज सकाळी मला बखोटीला धरून शेजारणीकडे नेई.

वडील हेडमास्तर होते. घटना लागू झाली त्याच वर्षी ते निवृत्त झाले, आणि घरात नवी सून यावी तसे त्यांना तिचे कौतुक होते. म्हातारपणी, आजारात, अपंगपणात राज्याने माणसाला साहाय्य द्यावे, हे मार्गदर्शक तत्त्व ते आल्यागेल्याला वाचून दाखवत. “आता मायबाप सरकार नुसतं म्हणायपुरतं नाई राह्यलं,” म्हणत. पुढच्या वर्षी त्यांनी आपले मृत्युपत्र घटनेच्याच वळणावर लिहिले. घर, भांडी, पुस्तके यांची कलमे पक्की केली. सुंदराबाईचे कलम मात्र, घटनेतली तत्त्वे जशी कोर्टात नेता येत नाहीत तसे, तत्त्व म्हणून वेगळे काढले: ‘पंजाबरावाने आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत तिला खोली व अन्न द्यावे. हे कलम कोर्टात नेता येणार नाही. तथापि घराच्या कारभाराचा तो पाया समजावा.’

वडील गेले तेव्हा मी अकोल्याच्या शाळेत होते. दिवाळीत आले तर त्या खोलीत सरकीची पोती छतापर्यंत रचलेली.

“दादा, सुंदरामाय कुठी हाय?”

“रिद्धपूरले गेली. तिथं जेवाले भेटते.”

“बाबांनी काय लिहिलं होतं?”

“ऐपतीप्रमाणं लिहिलं होतं. माही ऐपत नाई.”

“सरकीचा धंदा कराची ऐपत हाय.”

“मंग जा ना कोर्टात!” म्हणाले, आणि स्वतःच हसले. “पन कोर्टात जाऊ नका, हेबी बाबांनीच लिहिलं.”

ती मला रिद्धपूरला महानुभावांच्या मठात, भक्तांच्या पंगतीच्या कडेला बसलेली सापडली. “तू काहून आली व, पोरी? शाळा बुडली असन,” एवढेच म्हणाली. मी बदली मागून घेतली. तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे.

तिच्यासाठी सरकारकडे अर्ज केले. पहिला अर्ज केला तेव्हा आमची राजधानी नागपूर होती, शेवटचा केला तेव्हा मुंबई. मधल्या काळात राज्य दोनदा बदलले. ‘तूर्त तरतूद नाही’ हे उत्तर बदलले नाही. मी नागरिकशास्त्र शिकवते. ‘कल्याणकारी राज्य’ या धड्याला एका मुलीने विचारले, “बाई, सरकारनं नाईच देल्लं तं?” मी म्हटले, मतदार जाब विचारतात. पुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबर होते. त्या दिवसानंतर तो धडा मी भरभर उरकते.

२. माझ्या दोन्ही खोल्या व स्वयंपाकघर यांत सुंदराबाईने हयातभर राहावे. हा तिचा हक्क आहे. ऐपत, सोय, मर्जी यांपैकी कशावरही तो अवलंबून नाही. तिला कोणी अडथळा केल्यास कोर्टात जावे, अवश्य जावे.

३. माझ्या पोस्टातील पैशातून अकोल्याचे वकील सूर्यभान वानखडे यांनी तिचे धान्य व औषध पाहावे. त्यांना मी या पत्राचे व्यवस्थापक नेमते.

४. सुंदराबाईच्या पश्चात हा भाग माझी पुतणी, दादांची मुलगी शालू, हिला मिळावा. तिच्या वडिलांना नव्हे.

५. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ दादांनी न विचारता नेले. ते त्यांना दिले. हे औदार्य आहे की टोमणा, याचा मी पुष्कळ विचार केला. टोमणाच आहे.

६. रोजनिश्या जाळाव्यात. त्यांत कोणाचे गुपित नाही, माझीच उलटतपासणी आहे.

७. एवढे लिहून झाल्यावर मी ते सुंदराबाईला वाचून दाखवले. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

“खोली झाली, दाने झाले,” ती म्हणाली. “पन सांजच्याले ‘सुंदरामाय, जेवली का?’ मनून कोन इचारन? थे बी लिव ना.”

“ते लिहिता येत नाही, माय. कोर्ट कोणाकडून तसं करवून घेऊ शकत नाही.”

“मंग तुह्या बापानं लिवलं, तसं लिव.”

दादांवर मी इतकी वर्षे रागावले, आणि वडिलांवर त्याहून जास्त. ते कलम त्यांनी भोळेपणाने लिहिले की दुसरा इलाज नाही म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. पण लिहिते:

शालूने रोज सांजेला मागच्या दारात यावे, सुंदराबाई जेवली का ते विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. हे कलम कोर्टात नेता येणार नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे करण्याइतका अवधी दिसत नाही.

ठिकाण: अमरावती
दिनांक: ९ फेब्रुवारी १९६३

सही: शकुन केशवराव गावंडे

शकुनबाईंनी आम्हां दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. सूर्यभान महादेव वानखडे, वकील, अकोला
२. माणिकबाई जानराव ढोरे, शिक्षिका, अमरावती