डावा खांदा, उजवा डोळा

मॅडम, शनिवारी मी रायफल घ्यायला गेले आणि हात हलवत परत आले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते सुचत नाही. इथे इंग्लंडात, रीडिंग गावी, ऑफिसातल्यांना मी रविवारी रेंजवर जाते एवढंच ठाऊक आहे. नवरा म्हणतो, "दोनातली एक उचलायची, त्यात एवढं काय?" पोलिसांच्या परवान्यावर एकच रायफल लिहिलेली आहे आणि दुकानात माझ्यासमोर दोन होत्या. दोन्ही कारखान्यातून तयार आलेल्या, दोन्ही शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत बसवतील अशा. फरक एवढाच, की एकीचा बोल्ट, म्हणजे दर गोळीला मागेपुढे ओढायचा दांडा, डाव्या बाजूला, खास डावखुऱ्यांसाठी केलेला, आणि दुसरी फक्त उजव्या हाताची.

शाळेच्या तुमच्या नेमबाजीच्या टीममध्ये मी एकटी डावखुरी होते. रायफल डाव्या खांद्याला लावायची आणि दर गोळीनंतर उजव्या बाजूचा बोल्ट ओढायला डावा हात वरून पलीकडे न्यायची. रिकामी पुंगळी नाकासमोरून उडायची. मुली हसायच्या, तुम्ही कधी हसला नाहीत. एकदा माझ्या शेजारी सतरंजीवर पालथ्या पडून बराच वेळ बघत होतात. मग विचारलंत, "नेम धरताना उजवा डोळा का मिटतेस गं?"

"नाही मिटला तर दोन-दोन दिसतं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगितलंत, उद्यापासून उजव्या खांद्याने. मला वाटलं, तुम्हीही आईसारख्याच. घरी डावा हात ताटात गेला की चापट बसायची. निदान मैदानावर तरी तो माझा होता. मी रडायला लागले तर तुम्ही कडाडलात, "रडून नेम लागत नाही. महिनाभर करून तर बघ!"

तर शनिवारी मी अर्थातच डावी मागितली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातासाठी केलेली वस्तू. खांद्याला लावली, चाप ओढून बघितला, आणि माझा हात सवयीने वरून पलीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. तीनदा तसंच झालं. दुकानदार म्हातारा गृहस्थ, सगळं शांतपणे बघत होता, माझा मिटलेला उजवा डोळाही. म्हणाला, "दोन्ही हात पुढे करा, मध्ये छोटी फट ठेवा आणि त्यातून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. आता डावा डोळा मिटा." घड्याळ जागेवर होतं. "आता उजवा." घड्याळ गेलं.

"हात डावा आहे, पण डोळा उजवा," तो म्हणाला. "नव्याने शिकायची तयारी असेल तर उजवी घ्या. लहानपणी कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले, आणि सरळ बाहेर पडले.

सोमवारी सकाळी दुकानात फोन करून सांगितलं, उजवी ठेवा. लंचमध्ये परत फोन केला, जरा थांबा म्हणून. इतकी वर्षं एक डोळा मिटून मी ज्या हाताची बाजू घेतली, तो हात नेमासाठी चुकीचाच होता का? आणि असला, तरी सवय तर त्यालाच आहे. या वयात खांदा बदलायचा म्हणजे पुन्हा पहिलीत बसायचं. काही कळत नाही. तुम्ही दोन शब्दांत निकाल लावला असतात. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून धीर करून लिहिते आहे.

तुमच्या त्या महिन्यानंतर जिल्ह्याच्या निवडीत उजव्या खांद्याने माझ्या दहापैकी तीनच गोळ्या लागल्या आणि आपली टीम बाद झाली. परतताना बसमध्ये सगळ्या मुलींसमोर तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे. उगाच हिचा हात बदलला." मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर तुम्ही कुठल्याच मुलीचा खांदा बदलला नाहीत.

पहिल्या तीन गोळ्या अगदी मधोमध बसल्या होत्या, मॅडम. आता मैदानावरही डावा हात सुटणार म्हणून मी घाबरले, आणि उरलेल्या सात मुद्दाम बाहेर मारल्या.