न धुतलेली मलमल

इस्तंबूल

लाडक्या हाजेर,

मी ठणठणीत आहे, दुकानही बरं चाललंय. तुझ्या लेकीचा, मुनीरेचा खोकला कसा आहे?

तू तिच्या डोक्याच्या रुमालासाठी विणलेल्या झालरीला शोभेल अशी पांढरी मलमल मिळाली. कापडवाला म्हणाला, "काका, घरात लग्न ना? आधी भिजवा. मागाहून कापड आटलं, झालर चुरमडली, तर नवरी तुमच्या नावानं बोटं मोडेल!" मी हसलो.

तू मात्र लिहिलंस, "धुऊ नकोस, गरज नाही." जन्मभर झालरी विणणारी तू! धुवायची गरज नसते ती आपल्याकडे कुमारिकेच्या जनाज्यावर घालतात त्या रुमालाला; तो पुन्हा कधी पाण्यात जात नाही. डॉक्टर काय म्हणाले, खरं सांग.

मलमल मी दोनदा धुऊन, वाळवून पाठवतोय. झालर लाव आणि पोरीच्या डोक्याला बांध. तिच्या डोळ्यांचे मुके.

तुझा दादा,
रेजेप