मागच्या रांगेतला ट्रॉम्बोन

४ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

तुझ्या बँडची सीडी पोचली. लाँड्रीत लावली. आधी वाटलं, सतरा जण एकाच दारातून बाहेर पडायला भांडतायत. मग तुझा आवाज आला! चढत चढत पार छताला. शेजारच्या चष्मेवाल्याला, कोट न्यायला आलेल्या बाईंना, सगळ्यांना थांबवून सांगितलं, हा माझा भाऊ.

आता कामाचं. तुझ्या दाजींची पाठ गेली ती गेलीच. ओले कपडे मशीनमधून उपसायला माणूस नाही. महिनाअखेर कायमचा हाताखाली येतोस की नाही, सरळ कळव. गोलगोल लिहू नकोस.

घरी तुझी आठवण निघते. आमचीही काढत जा.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

तू ऐकलंस तो ट्रम्पेट. तो आमचा चिमणा वाजवतो. मी ट्रॉम्बोनवाला, मागच्या रांगेत, सगळ्यांत खालचा सूर. सख्ख्या बहिणीला ऐकू आलो नाही, तर परक्यांना काय येणार? राग नाही. पण इतकी वर्षं कुणासाठी फुंकतोय, असं झालंय. पुढच्या तालमीला बँड सोडतो म्हणून मास्तरांना सांगतो आणि येतो. दाजींना म्हणावं, उपसायला मी आहे.

तुझी बोलणी खायची सवय अजून आहे, तेवढी माया चालू ठेव.

धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

मास्तरांना सांगण्याआधी हे वाच.

तू येतोयस म्हणून आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग डोकं फिरलं. मला ऐकता आलं नाही, तर मी पुन्हा ऐकेन. तू का हातपाय गाळतोस? भर धंद्यात दोन्ही मशीनं बंद केली. गिऱ्हाईक ओरडलं, ओरडू दिलं.

गाणं कळलं. एकच गाऱ्हाणं दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा आपणच त्याला उत्तर द्यायचं, की पुन्हा पहिल्यापासून. आपली मावशी अशीच बोलते. चिमणा वर चढला तसा मी त्याचा नाद सोडला आणि खाली कान लावला. सापडलास! जाड, सावकाश, दाजींच्या दुपारच्या घोरण्यासारखा. पुढे एके ठिकाणी तू गप्प होतोस, दम घ्यायला असेल. तेवढ्यात चिमण्याचा तोच सूर नुसता किंचाळला. तू आलास आणि तो परत गायला लागला.

दाजींना काही न सांगता तेवढंच ऐकवलं. म्हणाले, मधूनच कोण उठून गेलं?

म्हणून सांगते, येऊ नकोस. मला माणूस हवाय, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय. पण तू उठल्याचं दाजींसारख्या औरंगजेबालाही कळतं, ती जागा सोडून कपडे कसले उपसतोस? ते कुणीही करेल. माणूस मी बघते.

शेवटी सगळे थांबल्यावर तू जरासा रेंगाळतोस. तेवढं सुधार. चुका काढते म्हणून माया कमी समजू नये, उलट समजावं.

तुझी ताई